बग्गीवरचं खानदानी चिन्ह जखमी सैनिकांच्या छातीवर कसं पोहोचलं?

१७६८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून लंडनच्या व्यापाऱ्याला एक ऑर्डर गेली. नवी बग्गी हवी, शक्यतो हिरवी. कडांना हलका सोनेरी मुलामा आणि सोबत पाठवलेल्या शिक्क्याच्या ठशाप्रमाणे घराण्याचं चिन्ह. ऑर्डर देणारे जमीनदार होते जॉर्ज वॉशिंग्टन.

पांढरी ढाल, तिच्यावर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. त्यांचे पणजोबा जॉन इंग्लंडहून व्हर्जिनियात आले, त्या घराण्याचं हे चिन्ह. वसाहतीत असं चिन्ह असणं म्हणजे आपण ऐरेगैरे नाही, हे सांगणं.

१७३२ साली जन्मलेले वॉशिंग्टन ११ वर्षांचे असताना वडील वारले. सावत्र भावांसारखं इंग्लंडमध्ये शिकणं त्यांच्या नशिबी नव्हतं. जमीन मोजण्याचं काम करत ते वर आले. १७७५ मध्ये तेच ब्रिटिश राजाविरुद्धच्या फौजेचे सेनापती झाले.

१७८२ साली त्यांनी साध्या सैनिकांसाठी जांभळ्या कापडाचं, बदामाच्या आकाराचं मानचिन्ह सुरू केलं. तेव्हा असे मान बहुतेक अधिकाऱ्यांच्याच वाट्याला यायचे.

नव्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांवर बंदी घातली. १७८८ साली एका लेखकाने कुलचिन्हांवरचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा वॉशिंग्टन यांनी ही वेळ योग्य नाही असं सुचवलं. नवे सरदार तयार होतायत, असा विरोधकांचा आरोप होताच. स्वतःचं चिन्ह मात्र त्यांनी टाकलं नाही.

या थाटामागे गुलामांचे कष्ट होते. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारले, त्या वर्षी त्यांच्या माउंट व्हर्नन या जमीनदारीवर ३१७ गुलाम होते. त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं. बाकीच्यांना ती सुटका मिळाली नाही.

अमेरिकेचा झेंडा याच चिन्हावरून आला असं अनेकदा सांगितलं जातं, पण त्याला पुरावा नाही. वॉशिंग्टन शहराचा झेंडा मात्र खरंच त्यावरून घेतलाय, १९३८ साली.

आणि १९३२ मध्ये, त्यांच्या २०० व्या जयंतीला, ते जांभळं मानचिन्ह ‘पर्पल हार्ट’ पदक म्हणून परत आलं. लढाईत जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकाला ते मिळतं, मग हुद्दा कोणताही असो. पदकात वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्याच्या वर बघा: तीच ढाल, दोन पट्टे, तीन तारे.