उसाच्या नावातला ‘को’ आणि जानकी अम्मल



बँकेत शेती कर्जाच्या टेबलावर बसलो तेव्हा मी अगदी नवा होतो. बी.कॉम. झालेला, शहरात वाढलेला. ऊस म्हणजे रसवंतीत जाऊन प्यायचा, एवढेच ठाऊक. चिकोडी, रायबाग भागातले शेतकरी पीक कर्जासाठी येत. अर्जात लागणीचा हंगाम आणि उसाची जात लिहावी लागे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा हे शब्द हळूहळू अंगवळणी पडले. जातीच्या रकान्यात मात्र ‘को ७४०’ असे लिहिलेले असे, आणि हा ‘को’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह अशी माझी ठाम समजूत होती. कारखाना सहकारी, सोसायटी सहकारी, मग ऊसही सहकारीच असणार! शेवटी एका वयस्क शेतकऱ्याने हसत हसत माझी चूक दुरुस्त केली. को म्हणजे कोइमतूर.

तामिळनाडूतल्या कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. आपल्या भागात आधी ४१९, मग ७४०, आणि आता ८६०३२, या सगळ्या जाती तिथल्याच. निवृत्तीनंतर या केंद्राविषयी वाचताना जानकी अम्मल हे नाव भेटले. त्यांची ओळख मंडळाच्या सभासदांना, विशेषतः आपल्या शिकणाऱ्या मुलींना करून द्यावी, म्हणून हा लेख.

एडवलेत कक्कट जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातल्या थलश्शेरी येथे झाला. नावापुढचे ‘अम्मल’ हे आडनाव नव्हे. आपण आदराने ‘बाई’ म्हणतो, तसेच ते. वडील न्यायखात्यात होते. घर भलेमोठे, भावंडे पुष्कळ. वडिलांना झाडापानांची आणि पक्ष्यांची आवड होती, ती मुलीत उतरली. त्या काळी मुलींची लग्ने लवकर होत. जानकीने लग्नाऐवजी शिक्षण निवडले आणि त्या जन्मभर अविवाहित राहिल्या. मद्रासला क्वीन मेरीज आणि प्रेसिडेन्सी या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकून त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे बार्बर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या. १९३१ साली त्यांनी तिथली डॉक्टरेट मिळवली.

परत आल्यावर दोन वर्षे त्रिवेंद्रमला प्राध्यापकी केली आणि १९३४ च्या सुमारास त्या कोइमतूरच्या केंद्रात रुजू झाल्या.

इथे एक खुलासा करणे भाग आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात त्यांना भारताचा ऊस गोड करणारी बाई म्हटलेले असते. ते तितकेसे बरोबर नाही. आपल्या देशी उसाची कांडी बारीक. जावा बेटावरून आलेला जाड, गोड ऊस आपल्या हवेत नीट टिकत नसे. म्हणून कोइमतूरच्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड उसाचा संकर कांस या रानटी गवताशी केला. उसाचा गोडवा आणि गवताचा चिवटपणा एकत्र आणायचा होता. या मार्गाने तयार झालेली ‘को २०५’ ही पहिली जात १९१८ सालीच शेतकऱ्यांच्या हाती पडली होती. तेव्हा जानकी अम्मल अजून शिकत होत्या.

मग त्यांनी काय केले? त्यांनी हिशेब तपासला.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. माणसाची ४६. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. जाड उसात ती ८० असतात. कांसाचे मात्र ठिकाणानुसार प्रकार बदलतात, कुठे ४०, तर कुठे १२८ पर्यंत. बरे, या दोघांच्या संकरात निम्मे-निम्मे हा नियमही पाळला जात नाही. ऊस-आई बहुधा आपली सगळीच्या सगळी गुणसूत्रे पुढच्या पिढीला देते आणि बाप-गवत निम्मी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही बाजूंची बेरीज जुळतच नाही. हे कोडे जावातल्या डच शास्त्रज्ञांच्या आधीच लक्षात आले होते. पण कोइमतूरला होणाऱ्या शेकडो संकरांत कोणाच्या पोटात नेमके काय आहे, हे मोजल्याशिवाय पुढचा संकर म्हणजे अंधारात मारलेला दगड.

ही मोजणी सोपी नसते. मुळाचे कोवळे टोक घ्यायचे, त्यावर रंगाची प्रक्रिया करायची, काचपट्टीवर ठेवून विभागणारी पेशी शोधायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक दोऱ्यांचे तुकडे एक-एक करून मोजायचे. शंभराच्या वर आकडा गेला की एखादा सुटतो, एखादा दोनदा मोजला जातो. मग पुन्हा पहिल्यापासून. अम्मल यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. कांसाच्या निरनिराळ्या भागांतल्या प्रकारांचा अभ्यास करून या गवताचे मूळ घर भारतच असल्याचे त्यांनी मांडले. उसाचा मक्याशी संकर घडवून त्याचीही तपासणी केली. उसाच्या जातीला नाव पैदासकाराच्या केंद्राचे मिळते. मोजणाऱ्याचे नाव कुठेच लागत नाही. आम्ही ताळेबंद जुळवणाऱ्या माणसांनी तरी त्याची किंमत ओळखावी.

कोइमतूरला एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, तेही तथाकथित खालच्या मानलेल्या जातीतून आलेल्या, वातावरण मोकळे नव्हते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्या एडिंबरोला आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषदेसाठी गेल्या. परिषद चालू असतानाच महायुद्धाचे ढग जमले, आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत त्यांना काम मिळाले. बाहेर बाँब पडत होते आणि आत ही बाई गुणसूत्रे मोजत होती. १९४५ साली सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. कोणत्या वनस्पतीत किती गुणसूत्रे, याची ती जगभरातून जमवलेली खातेवहीच. पुढे कितीतरी वर्षे पैदासकार काम सुरू करण्याआधी हा कोश उघडत.

त्यानंतर १९५१ पर्यंत त्या विस्ली येथे, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत होत्या. कोल्चिसिन नावाच्या द्रव्याने वनस्पतीची गुणसूत्रे दुप्पट करता येतात. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते. अम्मल यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर ते वापरले. त्यातून वाढलेल्या पांढऱ्या फुलांच्या एका मॅग्नोलियाला त्यांचेच नाव देण्यात आले.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ साली त्या भारतात परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही इंग्रजांच्या काळातली संस्था मोडकळीला आली होती. तिची नव्याने घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ही पुनर्रचना १९५४ साली झाली आणि लगोलग पुण्याचे पश्चिम विभागाचे केंद्र सुरू झाले. अम्मल पुढे अलाहाबादच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. काही काळ ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातही त्यांनी काम केले. १९७० पासून त्या मद्रासला होत्या, शहराबाहेर मदुरवायल येथे. साधी राहणी आणि औषधी वनस्पतींची बाग. १९७७ साली पद्मश्री मिळाली.

ऐंशी वर्षांच्या माणसाने एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण त्याच सुमारास केरळातल्या पलक्कड जिल्ह्यात, सायलेंट व्हॅलीच्या जंगलात, कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण व्हायचे होते. दाट सदाहरित जंगल पाण्याखाली जाणार होते. गंमत पाहा, ज्या बाईने सगळे आयुष्य शेतातल्या पिकांचे उत्पन्न वाढवणाऱ्या शास्त्रात घालवले, तीच आता धरणाविरुद्ध उभी राहिली. यात विसंगती नाही. कांसासारखे रानटी गवत नदीकाठी टिकून राहिले, म्हणून आपला ऊस टिकला, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जे जंगल अजून मोजलेच नाही, ते बुडवले तर काय गेले हेही कळणार नाही. म्हणून तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी करायचे त्यांनी ठरवले होते.

धरणाचा बेत सरकारने सोडून दिला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. ते पाहायला अम्मल नव्हत्या. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला, वयाच्या ८७ व्या वर्षात त्यांचे निधन झाले होते.

माझ्या नोकरीत उसाचे किती अर्ज हातांखालून गेले, याची गणती नाही. प्रत्येकावर तो ‘को’ होता. पीक हाती आले की कर्ज फिटे, मुलीचे लग्न होई, घरावर स्लॅब पडे. त्यामागे कुठे तरी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली एक बाई आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. आता गाळप हंगाम सुरू झाला आहे. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात, तर हॉर्न वाजवण्याआधी गाडीतल्या मुलांना जानकी अम्मल यांची गोष्ट सांगा. तेवढा वेळ नक्की मिळतो.