विश्लेषण : थोरल्याचा वारसा धाकट्याकडे कसा गेला? ‘इस्रायल’ हे नाव मिळालेला याकोब कोण होता?

ज्यू धर्मीयांच्या रोजच्या प्रार्थनेत देवाला तीन पूर्वजांच्या नावांनी हाक मारली जाते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब. आजोबा, मुलगा आणि नातू. यातला नातू म्हणजे याकोब. आंधळ्या वडिलांना फसवून त्याने थोरल्या भावाचा आशीर्वाद घेतला, असे बायबलच सांगते. तरीही संपूर्ण इस्रायली लोकांना नाव मिळाले ते याच माणसाचे. हे कसे घडले? बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आलेल्या त्याच्या आयुष्यावर एक नजर.

करार म्हणजे नेमके काय?

मराठी बायबलच्या दोन भागांना जुना करार आणि नवा करार म्हणतात. यातला ‘करार’ हा शब्द अब्राहामाच्या गोष्टीपर्यंत मागे जातो. अब्राहामाचे घराणे मूळचे ऊर या शहरातले. तिथून ते हारान येथे आले. हे ठिकाण आजच्या दक्षिण तुर्कस्तानात आहे. वयाच्या ७५ व्या वर्षी देवाच्या सांगण्यावरून अब्राहामाने हारान सोडले आणि तो कनान देशात गेला.

देवाने त्याला तीन गोष्टींचे वचन दिले. त्याची संतती मोठे राष्ट्र होईल, तिला कनानची भूमी मिळेल आणि तिच्याद्वारे इतरांनाही आशीर्वाद मिळेल. या कराराची खूण म्हणून मुलाची आठव्या दिवशी सुंता करण्याची प्रथा ठरली. मात्र वचन मिळाले तेव्हा अब्राहामाला मूलबाळ नव्हते आणि मालकीची जमीनही नव्हती.

वारस कोण, हा प्रश्न कधी सुरू झाला?

पहिल्याच पिढीत. अब्राहामाचा थोरला मुलगा इश्माएल हा हागार या दासीपासून झालेला. पत्नी सारा हिला इसहाक झाला, तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा आणि सारा ९० वर्षांची होती, असे ग्रंथ सांगतो. करार इसहाकाकडे गेला. हागार आणि इश्माएल यांना घर सोडावे लागले. इश्माएलापासूनही मोठे राष्ट्र होईल, असे वचन देवाने दिले. इस्लाममध्ये इस्माईल, इसहाक आणि याकूब या तिघांनाही पैगंबर मानले जाते.

त्या समाजात थोरल्या मुलाचा मान मोठा होता. बायबलमधल्या पुढच्या काळातील कायद्यातही थोरल्याला वडिलांच्या मालमत्तेत दुप्पट वाटा सांगितला आहे. कराराचा वारसा मात्र या रिवाजाने चालला नाही.

याकोबाने काय केले?

इसहाक ६० वर्षांचा असताना त्याची पत्नी रिबका हिला जुळी मुले झाली. आधी एसाव जन्मला. त्याच्यामागोमाग याकोब आला, तो भावाची टाच धरूनच. त्याच्या नावाचा संबंध हिब्रू भाषेतल्या टाच या शब्दाशी जोडला जातो. थोरला धाकट्याची सेवा करील, असे देवाने रिबकेला जन्माआधीच सांगितले होते.

एसाव शिकारी होता, वडिलांचा लाडका. याकोब तंबूत रमणारा, आईचा लाडका. एकदा एसाव रानातून भुकेने व्याकूळ होऊन आला. याकोबाने त्याला भाकरी आणि मसुराचे वरण दिले, पण त्याच्या मोबदल्यात ज्येष्ठपणाचा हक्क शपथेवर लिहून घ्यावा तसा मागून घेतला.

पुढे इसहाक म्हातारा झाला, त्याची दृष्टी गेली. त्याने एसावाला आशीर्वाद देण्याचे ठरवले. रिबकेने याकोबाला एसावाचे कपडे घातले. एसावाच्या अंगावर दाट केस होते, म्हणून तिने याकोबाच्या हातांना आणि मानेला बकरीच्या करड्यांचे कातडे गुंडाळले. इसहाकाला आवाजावरून शंका आली, पण हात चाचपून त्याने आशीर्वाद देऊन टाकला. एसाव परतला तेव्हा तो आशीर्वाद मागे घेता येत नव्हता. एसाव मोठ्याने रडला आणि भावाला ठार मारण्याचे त्याने मनात ठरवले.

वचन आधीच मिळालेले असताना फसवणूक कशासाठी, हा प्रश्न वाचकाला पडतो. ग्रंथ याकोबाचे समर्थन करत नाही. या फसवणुकीनंतर त्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र तो सविस्तर सांगतो.

फसवणुकीची किंमत काय होती?

थोड्या दिवसांसाठी म्हणून रिबकेने याकोबाला हारान येथे भाऊ लाबान याच्याकडे पाठवले. तो परतला २० वर्षांनी. मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख ग्रंथात नाही.

वाटेत एका रात्री दगडाची उशी करून तो झोपला. स्वप्नात त्याला आकाशाला टेकलेली शिडी दिसली. अब्राहामाला दिलेले वचन देवाने त्यालाही दिले. घर सोडून पळणाऱ्या माणसाला हे वचन मिळावे, हा या कथेतला महत्त्वाचा टप्पा. याकोबाने त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. मात्र त्याचा नवस सशर्त होता. देवाने आपल्याला सांभाळून सुखरूप घरी आणले, तर तो आपला देव होईल, असे त्याने ठरवले.

हारानमध्ये त्याचे मन मामाची धाकटी मुलगी राहेल हिच्यावर जडले. तिच्यासाठी त्याने सात वर्षे राबण्याचे कबूल केले. लग्नाच्या रात्री लाबानाने थोरली मुलगी लेआ त्याच्याकडे पाठवली. सकाळ झाल्यावर याकोबाच्या हे लक्षात आले. आपल्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत, असे लाबानाने त्याला ऐकवले. थोरल्याला डावलून आलेल्या याकोबाला हे उत्तर मिळाले. राहेलही त्याला मिळाली, पण तिच्यासाठी आणखी सात वर्षे काम करावे लागले.

‘इस्रायल’ हे नाव कसे मिळाले?

मोठे कुटुंब आणि गुरेढोरे घेऊन याकोब परत निघाला. एसाव ४०० माणसे घेऊन समोरून येत असल्याचे त्याला कळले. भावाचा राग शांत व्हावा म्हणून त्याने २०० शेळ्या, २०० मेंढ्या, ४० गायी आणि इतर जनावरे भेट म्हणून पुढे पाठवली.

त्या रात्री यब्बोक नदीकाठी तो एकटा राहिला. एका अनोळखी पुरुषाने त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंज दिली. याकोबाच्या मांडीचा सांधा निखळला, तरी आशीर्वाद घेतल्याशिवाय त्याने सोडले नाही. तेव्हा त्या पुरुषाने त्याला नाव विचारले. वडिलांनी कोण आहेस असे विचारले असता त्याने एसावाचे नाव सांगितले होते. या वेळी त्याने स्वतःचे नाव सांगितले. त्यावर त्याला इस्रायल हे नवे नाव मिळाले. ग्रंथ त्याचा अर्थ देवाशी झुंजण्याशी जोडतो.

दुसऱ्या दिवशी लंगडत जाणाऱ्या याकोबाने भावासमोर सात वेळा जमिनीपर्यंत लवून नमस्कार केला. एसाव धावत आला, त्याने मिठी मारली आणि दोघे रडले. पुढे इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून वडिलांना मूठमाती दिली.

बारा मुलगे आणि शेवटचा आशीर्वाद

लेआ, राहेल आणि त्यांच्या दोन दासी यांच्यापासून याकोबाला १२ मुलगे झाले. राहेल धाकट्या बन्यामीनच्या जन्माच्या वेळी वारली. तिचा थोरला योसेफ बापाचा लाडका. म्हणूनच भावांनी त्याला २० चांदीच्या नाण्यांना विकले आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून वडिलांना दाखवला. भावाचे कपडे आणि करडाचे कातडे वापरून बापाला फसवणारा याकोब स्वतः तशाच पुराव्याला फसला. कित्येक वर्षे तो योसेफाला मेलेला समजून शोक करत राहिला.

योसेफ मात्र इजिप्तमध्ये मोठा अधिकारी झाला होता. दुष्काळामुळे भाऊ धान्यासाठी तिथे गेले आणि कुटुंब पुन्हा जुळले. १३० वर्षांचा याकोब इजिप्तला गेला आणि तिथे १७ वर्षे जगला.

शेवटी त्याचीही दृष्टी मंदावली. योसेफाने आपले मुलगे मनश्शे आणि एफ्राईम यांना आशीर्वादासाठी आणले आणि थोरल्या मनश्शेला आजोबांच्या उजव्या हाताशी उभे केले. याकोबाने हात तिरपे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवला. योसेफाने चूक दुरुस्त करू पाहिली, पण आजोबांनी हे जाणूनबुजून केले होते. धाकटा पुन्हा पुढे गेला, या वेळी कोणतीही फसवणूक न होता. याकोबाने थोरल्यालाही आशीर्वाद दिला. त्यानंतर त्याने आपल्या १२ मुलांना बोलावून प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे सांगितले. आधीच्या दोन पिढ्यांत एकच मुलगा कराराचा वारस ठरला होता. याकोबाच्या पिढीत सगळे मुलगे वारस झाले. हेच इस्रायलचे १२ वंश.

इतिहास काय सांगतो?

याकोबाच्या अस्तित्वाचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. या कथा नंतरच्या काळात लिहिल्या आणि संकलित केल्या गेल्या, असे अभ्यासक मानतात. बायबलबाहेर ‘इस्रायल’ या नावाचा सर्वात जुना सर्वमान्य उल्लेख इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात आहे. तो इसवी सनपूर्व सुमारे १२०८ चा आहे.

महाराष्ट्राशी काय संबंध?

कोकणातल्या मराठी भाषक ज्यू समाजाचे नाव ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलची, अर्थात याकोबाची, मुले. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची रीत यांमुळे त्यांना शनवार तेली म्हटले जाई. आठव्या दिवशी सुंता करण्याची प्रथाही या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. या समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग उभारले.

वचन पूर्ण झाले का?

याकोबाच्या हयातीत नाही. १४७ व्या वर्षी तो वारला तो परक्या देशात. त्याची शेवटची इच्छा एकच होती. हेब्रोनजवळच्या मकपेला गुहेत आपल्याला पुरावे. ती गुहा अब्राहामाने साराच्या दफनासाठी ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतली होती. अब्राहाम, सारा, इसहाक, रिबका आणि लेआ तिथेच होते. संपूर्ण देशाचे वचन मिळालेल्या घराण्याकडे तिसऱ्या पिढीतही तिथे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे होते आणि त्यात ही दफनाची जागा होती. मुलांनी याकोबाला इजिप्तमधून तिथे नेऊन पुरले आणि ती इजिप्तला परतली.