इझाबेलाबाईंची शरदयात्रा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात उत्तरेकडून दक्षिणेकडे रॉकी पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. या रांगांमध्ये, कोलोराडोच्या मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर एक विस्तीर्ण गवताळ खोरे आहे. त्याला एस्टेस पार्क असे म्हणतात. पार्क म्हणजे बाग, हा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. डोंगरांच्या कुशीतील मोकळ्या कुरणांना त्या बाजूचे लोक पार्क म्हणत आले आहेत. युट व अरापाहो या आदिवासी जमातींचे लोक शिकारीसाठी पूर्वापार येथे येत असत. पुढे १८६० च्या सुमारास जोएल एस्टेस नावाच्या गृहस्थाने येथे घर बांधले आणि खोऱ्यास त्याचे नाव मिळाले. या खोऱ्यावर १४,२५९ फूट उंचीचे लाँग्ज शिखर पहाऱ्यासारखे उभे आहे. १८७३ च्या शरद ऋतूत एक इंग्रज स्त्री या खोऱ्याचा शोध घेत एकटीच आली. तिचे नाव इझाबेला बर्ड.

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. तिचे वडील धर्मोपदेशक होते. इझाबेला लहानपणापासून अशक्त होती. पाठीच्या कण्याचे दुखणे तिच्या पाठीस लागले होते. वयाच्या अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, तरी दुखणे पुरते हटले नाही. औषधांचा गुण येईना, तेव्हा वैद्यांनी समुद्रप्रवासाचा सल्ला दिला. १८५४ साली वडिलांनी शंभर पौंड हाती देऊन तिला अमेरिकेस पाठविले. आश्चर्य असे की, घरी कोचावर पडून राहणारी ही मुलगी प्रवासात हिंडूफिरू लागली. पुढे आईवडील निवर्तले. धाकटी बहीण हेन्रिएटा तेवढी राहिली. इझाबेलाबाईंनी चाळिशी ओलांडली आणि दुखणे पुन्हा बळावले. १८७२ साली त्या ऑस्ट्रेलियाच्या प्रवासास निघाल्या. तो देश त्यांना रुचला नाही. तेथून न्यूझीलंडमार्गे त्या हवाई बेटांत पोहोचल्या आणि तेथे त्यांचे आयुष्यच पालटले.

त्या काळी इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसत. या बैठकीमुळे इझाबेलाबाईंच्या कण्यास असह्य वेदना होत असत. हवाई बेटांतील स्त्रिया मात्र पुरुषांप्रमाणे दोन्ही बाजूंस पाय टाकून घोडदौड करीत. बाईंनी ती बैठक स्वीकारली आणि दिवसभर घोड्यावर बसूनही पाठ दुखेनाशी झाली. त्यासाठी त्यांनी एक पोशाख करविला. सैल जाकीट, घोट्यापर्यंत पोहोचणारा घागरा आणि त्याखाली तुर्की पद्धतीची घोळदार विजार, असा तो पोशाख होता. याच वेषात त्यांनी मौना लोआ या ज्वालामुखीचे शिखर गाठले. पुढे एका लंडनच्या वृत्तपत्राने त्यांनी पुरुषी पोशाख केल्याचे छापले, तेव्हा बाईंना त्याचा फार राग आला आणि आपला वेष स्त्रीस शोभणारा कसा होता, याचा खुलासा त्यांनी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत केला. ज्या स्त्रीला अस्वलांचे वा हिमवादळांचे भय वाटले नाही, तिला लोकापवादाची मात्र एवढी काळजी वाटावी, हे त्या काळास धरूनच होते.

१८७३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाई सॅन फ्रॅन्सिस्को बंदरी उतरल्या आणि आगगाडीने पूर्वेकडे निघाल्या. रॉकी पर्वताची हवा दुखणाईतांस मानवते, असा त्या काळी बोलबाला होता. एस्टेस पार्कचे नाव त्यांच्या कानी आले होते. पण तेथे जावे कसे, राहावे कोठे, हे सांगणारा कोणी भेटेना. भरवशाचा नकाशा नव्हता, चांगला रस्ता नव्हता. शिवाय वेळ थोडा होता. त्या पर्वतात शरद ऋतू फार अल्पकाळ टिकतो. सप्टेंबरात अॅस्पेन वृक्षांची पाने सोन्यासारखी पिवळी होतात, हवा स्वच्छ होते, मोठमोठ्या शिंगांचे एल्क हरीण उंच कुरणांवरून खाली उतरतात. परंतु दुपारी ऊन असले, तरी रात्री पाणी गोठते आणि एखाद्या दिवशी न सांगता बर्फ पडू लागते. उशीर झाला तर शिखराची वाट बंद होणार आणि घाई केली तर अपुऱ्या तयारीने जावे लागणार, असा हा पेच होता.

बाईंनी प्रथम घाईच केली. पर्वताच्या पायथ्याशी एका वसाहतकरी कुटुंबात त्यांनी मुक्काम केला होता. घरधन्याने आपणांस एस्टेस पार्कची वाट ठाऊक असल्याचे छातीठोकपणे सांगितले. त्याच्या शब्दावर विसंबून बाई पती-पत्नींसह निघाल्या. वाट त्यास ठाऊक नव्हतीच. घळीमागून घळी चढून-उतरून माणसे व जनावरे थकली, रात्र उघड्यावर काढावी लागली आणि अखेर सर्वांना हात हलवीत परतावे लागले. मार्गदर्शकाची पारख हा डोंगरातील प्रवासाच्या तयारीचा पहिला भाग होय. तो या वेळी राहून गेला होता.

यानंतर बाई लाँगमाँट या छोट्या गावी आल्या. प्रकृती ठीक नव्हती, उत्साह ओसरला होता. एस्टेस पार्कचा नाद सोडून न्यूयॉर्ककडे निघावे, असे त्यांनी मनाशी ठरविलेही. त्याच रात्री खाणावळीच्या मालकाने निरोप आणला की, दोन तरुण दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टेस पार्ककडे जाणार आहेत. बाईंनी रातोरात बेत बदलला. सकाळी भाड्याच्या घोड्यावर बसून त्या त्यांच्याबरोबर निघाल्या. दिवसभर चढ चढून संध्याकाळच्या सुमारास त्या अखेरच्या खिंडीत आल्या आणि पुढे ते सोनेरी खोरे मावळत्या उन्हात पसरलेले दिसले. तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.

खोऱ्याच्या वाटेवर लाकडी ओंडक्यांची एक झोपडी होती. तेथे जिम नजंट नावाचा शिकारी राहत असे. अस्वलाशी झालेल्या झटापटीत त्याचा एक डोळा गेला होता. चेहऱ्याची एक बाजू विद्रूप आणि दुसरी देखणी, असे त्याचे रूप होते. त्याच्या मद्यपानाच्या आणि संतापाच्या गोष्टी मैलोगणती पसरल्या होत्या. तथापि शुद्धीवर असताना तो सुसंस्कृत गृहस्थाप्रमाणे बोले, काव्याची त्यास आवड होती आणि डोंगराची खडान्‌खडा माहिती होती. खोऱ्यात ग्रिफ एव्हान्स या वेल्श माणसाचे गुरांचे ठाणे होते. तो पाहुण्यांना आठवड्यास आठ डॉलर घेऊन राहावयास जागा, जेवण आणि वापरावयास घोडा देत असे. बाईंना एक स्वतंत्र खोपटे मिळाले. त्याच्या जमिनीखाली स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचे बिऱ्हाड होते. त्यास हुसकावण्याचा प्रयत्न केला असता तर माणसांनाच घर सोडावे लागले असते; म्हणून दोन्ही बिऱ्हाडे गुण्यागोविंदाने नांदली.

लाँग्ज शिखर रोज समोर दिसत होते. १८६८ साली जॉन वेस्ली पॉवेल यांच्या तुकडीने ते सर केल्याची नोंद होती. एव्हान्सच्या मते आता उशीर झाला होता. वारे व बर्फ यांचा भरवसा नव्हता. काही दिवसांनी हवा स्थिरावलीसे दिसले, जिमने वाटाड्या होण्याचे कबूल केले, आणि शिखर साधले नाही तरी वृक्षरेषेपर्यंत जाऊन येणेही सार्थकी लागेल, असे ठरले. माघारी वळण्याची मुभा आधीच ठेवून केलेला हा बेत पहिल्या बेताहून पुष्कळ शहाणपणाचा होता.

ओझ्याच्या खेचराचा खर्च वाचवावा म्हणून प्रत्येकाने आपल्या घोड्यावर मावेल तेवढेच सामान घेतले. तीन दिवस पुरेल इतकी पावरोटी भाजून घेतली. मांस, चहा, साखर व लोणी बांधून घेतले. बाईंच्या खोगिरामागे कांबळ्यांच्या तीन जोड्या आणि एक रजई यांचा एवढा मोठा गठ्ठा झाला की, तो त्यांच्या खांद्यांपर्यंत पोहोचला. उणीव राहिली ती पादत्राणांची. बाईंचे बूट इतके झिजले होते की, साध्या जमिनीवर चालतानाही पाय दुखत. एव्हान्सने आपले शिकारी बूट त्यांना उसने दिले. ते पायात फार मोठे होत होते. नशिबाने दुसऱ्या दिवशी एका खडकाखाली लहान मापाचे वरबूट सापडले. मोजणी करीत आलेल्या हेडन यांच्या तुकडीतील कोणी ते टाकले असावेत. ते जेमतेम तो एक दिवस टिकले. पण तोच दिवस महत्त्वाचा होता.

पहिली रात्र वृक्षरेषेजवळच्या झाडीत गेली. थंडीने पाणी गोठत होते. मोठी शेकोटी पेटविली होती आणि बाईंची राखण करण्यास जिमने आपल्या रिंग नावाच्या कुत्र्यास बसविले होते. तो कुत्रा मालकाकडे पाहत राही, तरी बाईंच्या पाठीपासून हलला नाही. पहाटे सूर्योदयाचे दृश्य पाहून मंडळी निघाली. घोडे मागे राहिले. प्रचंड शिळांची रास ओलांडून खिंडीशी पोहोचल्यावर समोर बर्फाने निसरडे झालेले कडे दिसले. बाईंचा धीर सुटला आणि त्यांनी परत फिरण्याची इच्छा दर्शविली. जिमने ते मानले नाही. त्याने दोराने त्यांना स्वतःशी बांधले, बर्फ टाळण्यासाठी बरेच खाली उतरून दूरची वाट धरली आणि जेथे पाय ठेवावयास जागा नव्हती, तेथे त्यांना अक्षरशः ओढून वर नेले. आपण मालाच्या गठ्ठ्यासारख्या चढविल्या गेलो आणि या चढाईचे श्रेय जिमचेच, हे बाईंनी पुढे मोकळेपणाने लिहिले. बरोबरच्या तरुणांपैकी एकाला विरळ हवेमुळे रक्तस्राव झाला. तहानेने सर्वांचे घसे कोरडे पडले. असे असूनही चौघेही माथ्यावर पोहोचली. तेथे त्यांनी आपली नावे व तारीख लिहून कागद डब्यात घातला आणि डबा खडकाच्या फटीत ठेवला.

उतरताना एकदा बाईंचा घागरा खडकात अडकून त्या अधांतरी लोंबकळल्या. जिमने शिकारी सुरीने कापड कापले, तेव्हा त्या खालच्या मऊ बर्फात जाऊन पडल्या. ज्यांना वैद्यांनी विश्रांती सांगितली होती, त्या बाईंनी दुसरी रात्रही त्याच झाडीत उघड्यावर काढली.

एव्हान्सने त्यांना हिवाळ्यात राहून स्वयंपाक केल्यास आठवड्यास सहा डॉलर देऊ केले. बाईंना मात्र अजून मुलूख पाहावयाचा होता. ऑक्टोबरात त्या बर्डी नावाच्या घोडीवर एकट्या निघाल्या आणि डेन्व्हर व कोलोराडो स्प्रिंग्ज करीत बर्फातून शेकडो मैल हिंडल्या. सामान थोडे, पण त्यात काळा रेशमी पोशाखही होता. शहर जवळ आले की त्या घागरा सावरून एका बाजूस बसत! याच सुमारास अमेरिकेत मोठे आर्थिक संकट कोसळले आणि डेन्व्हरच्या पेढ्यांनी पैसे देणे थांबविले. एव्हान्सने बाईंकडून घेतलेले शंभर डॉलरही त्यास परत करता येईनात. खिशात पैसा नाही, म्हणून नोव्हेंबरात त्या पुन्हा एस्टेस पार्कला आल्या. एव्हान्सचे घर रिकामे होते. दोन तरुण तेवढे गुरे सांभाळीत होते. तिघांनी कामे वाटून घेतली आणि शिधा मोजूनमापून पुरविला. मध्येच एक चौथा पाहुणा आला. तो खाण्यात जितका पुढे, तितकाच कामात मागे होता. डिसेंबरात जिमने बाईंना सपाटीपर्यंत पोहोचविले. पुढल्या वर्षी एव्हान्सने झाडलेल्या गोळीने जिम घायाळ झाला आणि काही महिन्यांनी मरण पावला.

या प्रवासात बाईंनी बहिणीस लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १८७९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे जपान, चीन, कोरिया, इराण असे अनेक देश त्यांनी पाहिले. हेन्रिएटा १८८० साली वारली. १८८१ साली बाईंनी डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी विवाह केला. तेही पाच वर्षांत निवर्तले. १८८९ साली बाई हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी पतीच्या स्मरणार्थ श्रीनगर येथे व बहिणीच्या स्मरणार्थ अमृतसर येथे रुग्णालय स्थापन केले. १८९२ साली लंडनच्या राजभूगोल संस्थेने प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतले, त्यांत त्या होत्या. ७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळीही पुन्हा चीनला जाण्याचा त्यांचा बेत चालला होता.

एस्टेस पार्कभोवतीची शिखरे, सरोवरे व अरण्ये जशीच्या तशी राहावीत म्हणून एनॉस मिल्स या निसर्गप्रेमी गृहस्थाने अनेक वर्षे खटपट केली. २६ जानेवारी १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी विधेयकावर सही केली आणि रॉकी पर्वत राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९३२ साली तेथे बारा हजार फुटांहून उंच जाणारा मोटाररस्ता खुला झाला. शरद ऋतूत अॅस्पेनची पिवळी पाने पाहण्यास व एल्कांची साद ऐकण्यास हजारो लोक येतात. बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास बर्फ पडून तो उंच रस्ता बंद होतो. लाँग्ज शिखराच्या जुन्या वाटेवर, वृक्षरेषेजवळ, ती झाडी अजून आहे. नकाशात तिचे नाव जिमची राई असे लिहिलेले असते.