बेडकांचे पाय परदेशात जाऊ नयेत म्हणून भांडलेला मुंबईकर

पहिला पाऊस पडला की भिवंडीच्या भातखाचरांत पिवळेधम्मक नर बेडूक ओरडायला लागतात. कितीतरी खाचरांवर आता गोदामं आहेत, ती गोष्ट वेगळी. पण १९८० च्या आसपास याच जातीच्या बेडकांचे पाय भारतातून टनावारी युरोप-अमेरिकेत खायला जात होते. ते थांबावं म्हणून लढणाऱ्यांत एक होते हुमायून अब्दुलअली.

जन्म १९१४ चा, जपानमधल्या कोबेचा. शिक्षण मुंबईत. पक्षीतज्ज्ञ सलीम अली त्यांचे नातलग. व्यवसायाने व्यापारी, पण जीव बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत. तिथे ते मानद सचिव होते. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी कायद्यामागेही त्यांचेच कष्ट.

बेडकांबाबत त्यांचा मुद्दा शेतकऱ्याला पटेल असा होता. बेडूक पिकावरचे किडे आणि शेतातले खेकडे फुकटात खातो. त्याला पकडायचे पावसाळ्याच्या रात्री, बत्तीच्या उजेडात, म्हणजे नेमकं विणीच्या दिवसांत. मादी गेली की हजारो अंडीही गेली. वर कीटकनाशकांचा खर्च आपल्याच माथी!

१९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. धंदा मात्र संपला नाही, इंडोनेशियाकडे सरकला.

२००१ मध्ये हुमायून गेले. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या एका बेडकाला १९५५ पासून त्यांचंच नाव आहे: निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. या जातीत मादीसुद्धा आवाज काढते, जे बेडकांत फार क्वचित दिसतं.