इब्न अल-हैसम : डोळा पाहतो की अक्कल?

कॅमेऱ्याचा शोध एका मुसलमान शास्त्रज्ञाने लावला, असा मेसेज दर काही महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरत येतो. खाली फेटा बांधलेल्या दाढीवाल्या बुजुर्गाचं काल्पनिक चित्र आणि चार 'माशाअल्लाह'. त्यांनी कॅमेरा बनवला नव्हता, पण जे केलं ते कॅमेऱ्यापेक्षा मोठं होतं. तेच नेमकं आपल्याला माहीत नसतं.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास, हिजरी ३५४ मध्ये, इराकातल्या बसरा शहरात झाला. गणितात त्यांनी मोठं नाव कमावलं. नाईल नदीला एका वर्षी पूर येतो, दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडतो, तिचं पाणी बांधून आवरता येईल, असं काहीसं ते बोलून गेले. ही गोष्ट कैरोत फातिमी खलीफा अल-हाकिम यांच्या कानावर गेली. खलीफाने बोलावून घेतलं आणि स्वतः शहराच्या वेशीबाहेर सामोरा आला, असं चरित्रकार इब्न अल-किफ्ती लिहितो. हा चरित्रकार दोनशे वर्षांनंतरचा, तेव्हा सगळा तपशील जसाच्या तसा धरू नये.

कामगार घेऊन ते अस्वानपर्यंत गेले. वाटेत जुन्या मिसरी लोकांची प्रचंड बांधकामं पाहिली आणि मनात चरकले. एवढं हिशेबी काम करणाऱ्यांना नदी बांधणं जमलं नाही, तर ते जमण्यासारखंच नसणार. अस्वानजवळची जागा पाहिल्यावर खात्रीच पटली. परत येऊन त्यांनी कबूल केलं की आपला अंदाज चुकला.

खलीफाने वरकरणी ते मान्य केलं, दरबारात कामही दिलं. पण हा खलीफा लहरी, कधी कुणाचं डोकं उडवील सांगता येत नाही. इब्न अल-हैसम यांनी वेडाचं सोंग घेतलं. मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना घरातल्या एका खोलीत बंद करण्यात आलं. इ.स. १०२१ मध्ये अल-हाकिम एका रात्री बाहेर पडला तो परत आलाच नाही. मग या गृहस्थांचं वेडही उतरलं! पुढे ते अल-अजहरजवळ राहिले. युक्लिड आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला स्वहस्ते उतरवायच्या, त्या वर्षाला दीडशे दिनारांना विकायच्या, त्यावर गुजराण.

'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ याच काळातला मानला जातो. त्याआधी युक्लिड, टॉलेमी म्हणत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन शिवतात. इब्न अल-हैसम यांनी साधी गोष्ट विचारात घेतली. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, आणि नजर काढली तरी उजेडाचा ठसा राहतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. मग प्रयोग. अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे ठेवले, आत तितकेच ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा. अनेक उजेड एकाच छिद्रातून जातात, तरी एकमेकांत कालवत नाहीत. कॅमेऱ्याची कहाणी इथून निघाली.

पण खरी कमाल ग्रंथाच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागात आहे. डोळ्यात येतो तो फक्त उजेड आणि रंग. आकार, अंतर, हालचाल, सौंदर्य हे सारं ओळखायला मन काम करतं, तेही इतक्या वेगाने की आपल्याला पत्ता लागत नाही. लहान मुलासमोर दोन फळं ठेवा, ते जास्त सुंदर फळ उचलतं. त्याने तुलना केली, निष्कर्ष काढला, पण आपण असं काही केलं हे त्याच्या गावीही नसतं. वाचता येणारा माणूस 'अबजद' हा शब्द अक्षरं न जुळवता एका नजरेत ओळखतो, तसंच हे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ नकळत होणाऱ्या अनुमानाचं बोलले, तो मुद्दा इथे आठशे वर्षं आधी मांडलेला आहे. 'मानसशास्त्र' हा विषयही तेव्हा वेगळा नव्हता.

ओझरती नजर आणि निरखून पाहणं, हे दोन प्रकारही त्यांनी वेगळे काढले. निरखताना डोळा वस्तूच्या एकेका भागावर फिरतो, कारण समोर मधोमध जे येतं तेच सर्वांत स्पष्ट दिसतं. पाहायला वेळ लागतो, याचा पुरावा म्हणून त्यांनी भोवरा घेतला. रंगीबेरंगी भोवरा वेगाने फिरला की एकच रंग दिसतो.

चौदहवीचा चाँद उगवताना थाळीएवढा आणि माथ्यावर आला की लहान का दिसतो? डोळ्यात पडणारा कोन तोच असतो. पण क्षितिजाकडे मधे झाडं, घरं, जमीन दिसते, म्हणून मन चंद्राला दूर समजतं आणि दूरचं ते मोठं ठरवतं, असं त्यांचं उत्तर. आजही मानसशास्त्राच्या पुस्तकांत या कोड्यावर वाद आहे आणि त्यांचं उत्तर त्यात मांडलं जातं.

एक चूकही सांगायला हवी. दृष्टीचं काम डोळ्यातल्या भिंगाच्या पृष्ठभागावर होतं, असं ते मानत. किरण पुढे जाऊन एकमेकांना छेदले तर चित्र उलटं होईल, ही अडचण त्यांना दिसली आणि ती टाळायला त्यांनी वाट काढली. मागच्या पडद्यावर उलटंच चित्र पडतं, हे केप्लरने १६०४ मध्ये मांडलं. केप्लरने ज्या परंपरेतून सुरुवात केली, ती याच ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरावर उभी होती. १५७२ मध्ये ते भाषांतर बासेलला छापून निघालं.

आणि आपल्याकडे? इब्न अल-हैसम इ.स. १०४० च्या सुमारास कैरोत वारले. त्यानंतर अडीचशे वर्षं पूर्वेकडच्या मुस्लिम जगात या ग्रंथाकडे फारसं कुणी वळलं नाही. इराणात कमालुद्दीन अल-फारिसी नावाच्या तरुणाला दृष्टीविषयी शंका पडल्या, तेव्हा त्याचे उस्ताद कुतुबुद्दीन शिराझी यांना लहानपणी पाहिलेलं एक पुस्तक आठवलं. त्यांनी दूरच्या मुलखातून प्रत मिळवून दिली. शागिर्दाने त्यावर भलामोठा शरह लिहिला, चुका दाखवल्या, आणि काचेच्या गोळ्यात पाणी भरून इंद्रधनुष्य कसं बनतं ते शोधून काढलं.