मलेरियाचं औषध शोधताना पोराला रंग सापडला, आता त्या रंगांची घाण काढायला बुरशी कामाला येतेय

साल १८५६. लंडनमधला १८ वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन, म्हणजे मलेरियावरचं औषध, बनवायला बसला होता. डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलिनमध्ये त्याने पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलं. औषध काही बनलं नाही, भांड्यात काळा गाळ उरला.

तो गाळ अल्कोहोलमध्ये टाकल्यावर मात्र झकास जांभळा रंग सुटला. रेशमावर चढवलेला हा रंग धुऊन जाईना, उन्हात विटेना. पर्किनने त्याच वर्षी पेटंट घेतलं, कॉलेज सोडलं आणि १८५७ मध्ये वडिलांच्या पैशावर ग्रीनफर्डला कारखाना टाकला. या रंगाचं नाव मॉव्ह. कृत्रिम रंगांचा धंदा खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला.

१८६९ मध्ये त्याने लाल रंगाचं ॲलिझरीन बनवायची पद्धत शोधली, पण जर्मन स्पर्धकांचा पेटंट अर्ज एक दिवस आधी पोहोचला होता. १८७४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, कारखाना विकून तो पुन्हा संशोधनाकडे वळला. १९०६ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला, १९०७ मध्ये त्याचं निधन झालं.

पर्किनचा कारखाना कालव्याच्या काठी होता. आत जो रंग बनेल, तसं कालव्याचं पाणी रंग बदलायचं, असं सांगितलं जातं.

खरी गोम इथेच आहे. कपड्यावर टिकणारा रंग पाण्यातही टिकतो. तो सूर्यप्रकाश अडवतो, मग पाण्यातल्या वनस्पतींची वाढ खुंटते. सांडपाणी प्रकल्पातल्या जिवाणूंनाही असे बरेच रंग सहजासहजी पचत नाहीत.

मग बुरशी काय करते?

लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं भल्याभल्यांना जमत नाही. लाकूड कुजवून पांढरं पाडणाऱ्या काही बुरशींना ते जमतं. त्यासाठी त्या लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं बाहेर सोडतात. ही विकरं फार चोखंदळ नसतात, त्यामुळे लिग्निनसारखी कडी असलेले रंगांचे रेणूही त्यांच्या तावडीत सापडतात. गंमत म्हणजे पर्किनने ऑक्सिडीकरण करून रंग बनवला, बुरशी ऑक्सिडीकरण करूनच तो मोडते.

प्रयोगशाळेत हे छान जमतं. कारखान्याच्या सांडपाण्यात मात्र क्षार असतात, इतर जिवाणू बुरशीवर कुरघोडी करतात. शिवाय पाणी नितळ दिसलं म्हणजे विष गेलंच असं नाही, ते तपासावंच लागतं.

रंग बनवायला पर्किनला एक सुट्टी पुरली. तो पाण्यातून काढायचं काम अजून चालूच आहे.