वनविद्येचे आद्य गुरु : सर डीट्रिख ब्रँडिस

शाळेची शेवटची परीक्षा जवळ आली म्हणजे पुढें काय करावें हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनांत उभा राहतो. घरची वडीलधारी मंडळी डॉक्टरी, इंजिनियरी, वकिली किंवा बँकेंतील नोकरी यांचीं नांवें घेतात, आणि मुलेंहि त्याच चार वाटांकडे पाहूं लागतात. ज्या धंद्याचें क्षेत्र डोंगरांत, कुरणांत व रानांत आहे, त्याचें नांव क्वचितच कोणी काढतो. नदीचें पाणी, गुरांचा चारा, घराचें आढें आणि शेताचें औत हीं सर्व ज्यावर अवलंबून, तें रान राखणें हाहि विद्वान् व कष्टाळू माणसाचा व्यवसाय होऊं शकतो, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊकच नसतें. म्हणून हा व्यवसाय आपल्या देशांत ज्यांनीं रीतसर उभा केला, त्या सर डीट्रिख ब्रँडिस यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों. त्यांच्या गुणांबरोबर त्यांच्या कामांतील उणीवहि आम्ही झांकून ठेवणार नाहीं. कारण जो या वाटेनें जाऊं इच्छितो, त्यास दोन्ही ठाऊक असावयास पाहिजेत.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजीं जर्मनींतील बॉन शहरीं झाला. त्यांचे वडील ख्रिस्तियन ऑगस्ट ब्रँडिस हे तेथील विश्वविद्यालयांत अध्यापक असून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचे मोठे जाणते होते. ग्रीस देशाच्या ऑटो राजानें त्यांस अथेन्स येथें बोलावून घेतलें, तेव्हां मुलगाहि बापाबरोबर गेला. अशा रीतीनें लहानपणींच परदेश, परभाषा आणि निराळी वनश्री यांचा परिचय त्यांस घडला. पुढें कोपनहेगन, गटिंगेन व बॉन येथें अभ्यास करून त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली, व १८४९ पासून ते बॉन येथें वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. वनविद्येचें पदवीपत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. वाचलेलें नीट समजणें, पाहिलेलें नीट टिपणें आणि दूरवर चालणें, एवढीच त्यांची शिदोरी होती.

त्यांच्या आयुष्यास वळण लावलें तें एका विवाहानें. १८५४ मध्यें त्यांनीं रेचल मार्शमन या विधवा बाईंशीं लग्न केलें. रेचलबाई या सेरामपूरचे सुप्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या. मार्शमन, कॅरी व वॉर्ड हें सेरामपूरचें त्रिकूट आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. यांपैकीं कॅरी यांनीं १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण व १८१० मध्यें मराठी कोश छापला होता, आणि त्याच कॅरींनीं सेरामपूर येथें वनस्पतींची एक उत्तम बाग लावली होती. रेचलबाईंचे पहिले पति डॉ. व्हॉइग्ट यांनीं त्या बागेंतील व कलकत्त्याच्या सरकारी बागेंतील झाडांची मोठी यादी तयार केली; ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. रेचलबाईंच्या बहिणीचे यजमान म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेले सेनापति हॅव्हलॉक होत. या नात्यामुळें ब्रँडिस यांचें नांव गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानीं गेलें. ओळखीनें दार उघडलें, हें खरें. परंतु आंत पाऊल टाकल्यावर सत्तावीस वर्षें जें काम झालें, तें कांहीं ओळखीच्या जोरावर झालें नाहीं.

डलहौसी यांस असा मनुष्य कां हवा होता, हें समजून घेतलें पाहिजे. जहाजें बांधण्यास सागासारखें लाकूड नाहीं. मुंबईच्या गोदींतील जहाजें मलबारच्या सागाचीं होत असत. तो साग कमी होत चालला, म्हणून दृष्टि ब्रह्मदेशाकडे वळली. तेथील तेनासरीम प्रांत इंग्रजांच्या हातीं १८२६ मध्यें आला. परंतु व्यापाऱ्यांस मोकळीक मिळाल्यामुळें थोड्याच वर्षांत तेथील चांगला साग तोडला गेला. १८५२ मध्यें पेगू प्रांत घेतल्यावर तेथेंहि तीच गत होईल अशी भीति पडली. आपल्या मुंबई इलाख्यांत १८४७ मध्यें डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस जंगलांचे संरक्षक नेमलें होतें; पुण्याजवळील दापोडीची वनस्पतींची बाग त्यांच्याच देखरेखीखालीं असे. मद्रासेकडे डॉ. क्लेगहॉर्न हें काम पाहूं लागले. हे दोघेहि मूळचे वैद्य. म्हणजे रान राखण्याचा असा वेगळा धंदा तोंवर या देशांत नव्हता. ज्यास झाडांची ओळख, त्याच्या गळ्यांत तें काम पडे. ब्रँडिस जानेवारी १८५६ मध्यें रंगून येथें आले व पेगूच्या सागवनांचे अधिकारी झाले. त्या वेळीं त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें.

पहिला प्रश्न असा होता कीं, रानांत साग आहे तरी किती? हिंवतापाचा मुलूख, रस्ते नाहींत, नकाशे नाहींत, आणि मोजणारीं माणसेंहि नाहींत. ब्रँडिस यांनीं एक साधी युक्ति काढली. ते हत्तीवर बसून रानांतून ठराविक रेषेनें जात. हातांत बांबूचे चार तुकडे असत, आणि सागांचे त्यांच्या घेरावरून चार वर्ग पाडलेले असत. एक झाड दिसलें कीं त्या वर्गाच्या तुकड्यावर चाकूनें एक खांच पाडावयाची. सायंकाळीं तळावर आल्यावर खांचा मोजून वहींत टिपावयाच्या. पावसांत कागद भिजतो, परंतु बांबूवरील खांच पुसत नाहीं. अशा रीतीनें रेषेच्या दोहों बाजूंच्या पट्ट्यांत किती झाडें आहेत हें कळे, आणि त्यावरून सगळ्या रानाचा अंदाज करतां येई.

झाडें मोजून झाल्यावर दुसरा प्रश्न, तोडावीं किती? सहा फूट घेराचें किंवा त्याहून मोठें झाड तेवढें तोडण्यास योग्य मानावें, आणि लहान झाडांस त्या घेरापर्यंत वाढण्यास जितकीं वर्षें लागतात तितक्या वर्षांत मोठीं झाडें वांटून तोडावीं, हा त्यांचा हिशेब. सावकार व्याज खातो व मुद्दल राखतो, तसाच हा प्रकार होय. ओला साग पाण्यांत बुडतो, म्हणून झाडाच्या बुंध्याभोंवतीं खोल वलय कापून तें उभेंच वाळूं देतात. मग तें पाडून हत्तींकरवीं ओढ्यांत नेतात व पुरांत सोडून देतात. वलय कोणत्या झाडास पाडावयाचें हें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं रानाचें आयुष्य. तो अधिकार ब्रँडिस यांनीं व्यापाऱ्यांच्या हातीं जाऊं दिला नाहीं. व्यापारी चिडले, तक्रारी वर गेल्या. परंतु आंकडे ब्रँडिस यांच्याजवळ होते, आणि तक्रार करणाऱ्यांपाशीं ते नव्हते.

ब्रह्मदेशांतील त्यांचें दुसरें काम याहून मोलाचें आहे. तेथील डोंगरांत कारेन लोक रान तोडून व जाळून त्या राखेंत भात पेरीत आणि एकदोन पिकें घेऊन दुसरीकडे जात. या शेतीस ब्रह्मी भाषेंत टौंग्या म्हणतात. कोकणांतील ठाकूर व कातकरी यांची दळी हा याच जातीचा प्रकार. पुष्कळ अधिकारी या लोकांस रानाचे शत्रु समजून हांकलून देण्याचा सल्ला देत. ब्रँडिस यांनीं निराळा मार्ग धरला. कारेनांनीं आपल्या पिकांतच सागाचें बीं लावावें, पीक त्यांनीं घ्यावें, आणि जगलेल्या रोपांबद्दल सरकारनें त्यांस पैसे द्यावे, असा करार झाला. शेत सोडून ते पुढें गेले म्हणजे मागें सागाचें कोंवळें रान उरे. ही रीति पुढें अनेक देशांत पसरली.

१८६२ मध्यें त्यांस हिंदुस्थानांत बोलाविण्यांत आलें, आणि १८६४ मध्यें ते सर्व देशाच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर-जनरल झाले. मधल्या काळांत, १८६३ सालीं, रेचलबाई वारल्या. त्या दुःखाचा भार घेऊनच त्यांनीं हें मोठें पद सांभाळलें. काळहि मोठा कठीण होता. १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, व त्यानंतर लोखंडी रस्ते चोहोंकडे पसरूं लागले. एक मैल रस्त्यास सुमारें १७६० ते २००० लांकडी स्लीपर लागत. हिमालयांतील देवदार, खालचा साल, मध्य प्रांतांतील साग, सर्वांवर कुऱ्हाड चालूं लागली होती. ब्रँडिस प्रांतोप्रांतीं हिंडले. रानाच्या हद्दी आंखणें, नकाशे करणें, वणवा रोखणें, तोडीचा दीर्घ मुदतीचा आराखडा लिहिणें, हीं कामें त्यांनीं घालून दिलीं. हिंडतां हिंडतां जवळजवळ सर्व प्रांतांत त्यांस लोकांनीं देवाच्या नांवानें राखलेल्या राया आढळल्या. आपल्या सह्याद्रींतील देवराया त्याच परंपरेंतल्या. कोणताहि कायदा नसतां लोक रान राखूं शकतात, याचा तो डोळ्यांपुढचा पुरावा होता.

परंतु नियम लिहून रान राखलें जात नाहीं. त्यास शिकलेलीं माणसें लागतात. म्हणून ब्रँडिस यांनीं १८६६ च्या सुमारास या खात्याचे उमेदवार फ्रान्स व जर्मनी येथील वनशाळांत शिकण्यास पाठविण्याची व्यवस्था केली. श्लिख व रिबेन्ट्रॉप हे दोघे शिकलेले जर्मन वनाधिकारी त्यांनीं इकडे आणविले. तेच पुढें एकामागून एक त्यांच्या जागेवर बसले. तथापि परदेशांतून आलेल्या मूठभर साहेबांनीं एवढ्या देशाचें काम होणार नाहीं, हें ते ओळखून होते. १८७८ मध्यें डेहराडून येथें वनशाळा निघाली, ती मुख्यतः या देशांतील तरुणांस रेंजरचें शिक्षण देण्यासाठीं. तेथें पुस्तकांबरोबर प्रत्यक्ष रानांतला अभ्यास असे. एतद्देशीयांस वरच्या जागांपर्यंत चढतां आलें पाहिजे असें ब्रँडिस यांचें मत होतें. परंतु वरच्या जागा पुढें फार दिवस बहुतेक युरोपियनांच्याच हातीं राहिल्या.

आतां त्यांच्या कार्याची दुसरी बाजू. १८६५ मध्यें पहिला वनकायदा झाला व १८७८ मध्यें दुसरा. दुसऱ्याच्या वेळीं मोठा वाद माजला. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, रानावर पूर्ण हक्क सरकारचा; लोक जें घेतात ती केवळ सवलत. मद्रास सरकारचें म्हणणें याच्या अगदीं उलट, कीं रानांवर गांवकऱ्यांचे पिढीजात हक्क आहेत. ब्रँडिस यांनीं मधला मार्ग सुचविला. जीं रानें देशाच्या दृष्टीनें फार मोलाचीं, तेवढींच सरकारनें राखून ठेवावीं. त्यांतील हक्क नोंदून घ्यावे, आणि उरलेल्यांतून गांवोगांव गांवरानें करून तीं गांवकऱ्यांच्या हातीं द्यावीं. कायद्यांत गांवरानांचें प्रकरण आलें, परंतु तें बहुतेक कागदावरच राहिलें. राखीव रान मात्र वाढत गेलें.

याचे चटके आपल्या महाराष्ट्रास चांगलेच बसले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथांत जंगलखात्यानें गरिबांचीं गायरानें गिळल्याबद्दल कडक टीका केली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांची ओरड इतकी वाढली कीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. ज्या बाईची सरपणाची मोळी रखवालदारानें हिसकून घेतली, तिला ब्रँडिस यांचा मूळ मसुदा काय होता हें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नव्हतें. खातें त्यांनीं उभें केलें, तेव्हां त्या खात्याच्या अन्यायाच्या जबाबदारींतून त्यांस अगदींच मोकळें करतां येत नाहीं. मात्र गांवास वगळून रान टिकणार नाहीं, हें सरकारी खुर्चीवर बसून सांगणाऱ्या थोडक्यांत ते होते, हेंहि तितकेंच खरें.

१८८३ मध्यें ते निवृत्त होऊन बॉन येथें गेले. १८८७ मध्यें त्यांस सर हा किताब मिळाला. त्यांनीं विश्रांति घेतली असती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. परंतु शिकविण्याचें त्यांचें वेड गेलें नव्हतें. हिंदुस्थानांत जाणाऱ्या तरुण उमेदवारांस घेऊन ते वर्षानुवर्षें युरोपांतील रानें दाखवीत फिरले. गिफर्ड पिंचो नांवाचा एक अमेरिकन तरुण त्यांच्याकडे आला. त्याच्या देशांत वनविद्येची शाळा नव्हती व त्या धंद्यास नोकरीहि नव्हती. ब्रँडिस यांनीं त्यास मार्ग दाखविला, रानें दाखविलीं व कसून शिकविलें. तोच पिंचो १९०५ मध्यें अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. पेगूच्या रानांत बांबूवर पाडलेल्या खांचांचा धडा असा अर्ध्या पृथ्वीपलीकडे पोंचला.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं भारतीय वृक्षांवरील आपला मोठा ग्रंथ हातीं घेतला. तो १९०६ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां ते ब्यायशीं वर्षांचे होते. २८ मे १९०७ रोजीं बॉन येथें त्यांचें देहावसान झालें. ब्रँडिसिया या नांवाची एक वनस्पतींची जात आजहि त्यांचें स्मरण देते.

विद्यार्थी मित्रहो, ब्रँडिस यांच्या काळीं जी वाट रानांतून स्वतः पाडावी लागली, ती आज आंखलेली आहे. भारतीय वन सेवा १९६६ मध्यें सुरू झाली. तिच्या परीक्षेस विज्ञान, शेती किंवा इंजिनियरीचा पदवीधर बसूं शकतो. १९८० पासून या सेवेंत स्त्रियाहि आहेत, म्हणून आमच्या विद्यार्थिनींनीं हा मजकूर मुलांसाठींच आहे असें समजूं नये. आपल्या राज्यांत वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक यांच्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनें भरल्या जातात; वनरक्षकाची जागा त्याहून लहान, परंतु रानाशीं सर्वांत जवळची. दापोली येथें वनशास्त्राचें महाविद्यालय आहे. शिवाय नकाशे करणारे, मातीपाणी अडविणारे, रोपवाटिका चालविणारे, पशुवैद्य, आणि गांवकऱ्यांबरोबर बसून आराखडा लिहिणारे, अशीं माणसें या कामास नेहमींच लागतात.

या शेवटच्या कामाचें महत्त्व आतां फार वाढलें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांतील लोकांचे हक्क मान्य केले, आणि २००९ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास आपल्या रानावरील सामूहिक हक्क मिळाला. ब्रँडिस यांच्या मसुद्यांतील गांवरान एकशेंतीस वर्षांनीं निराळ्या रूपानें असें पुढें आलें. तेव्हां ज्यास या व्यवसायांत शिरावयाचें आहे, त्यानें वनस्पतिशास्त्र, गणित व भूगोल यांकडे लक्ष द्यावेंच; परंतु सुट्टींत जवळच्या डोंगरावर पायीं जावें, तेथील वीस झाडांचीं नांवें एखाद्या गुराख्याकडून शिकावीं, आणि तीं वहींत लिहून ठेवावीं. परीक्षेच्या अर्जावर या वहीचा उल्लेख करण्यास जागा नसते. रानांत मात्र पहिल्या दिवसापासून तिचाच उपयोग होतो.